रॅकेट जड कीं हलकी?

रॅकेट जड असली म्हणजे फटका जोरदार बसतो, अशी कित्येक पालकांची समजूत असते. आम्हांस ती मान्य नाहीं. नियमानें फुलाचें वजन 4.74 ते 5.50 ग्रॅम इतकेंच असतें. त्यास गति मिळते ती मुख्यतः रॅकेट फिरविण्याच्या वेगानें. हल्लींच्या रॅकेटी बहुधा 80 ते 90 ग्रॅमांच्या असतात. परंतु खरा भेद तोलांत आहे. दांड्याखालीं बोट धरून रॅकेट आडवी तोलून पाहावी. तोलबिंदु मुठीच्या टोकापासून सुमारें 295 मिलिमीटरांपलीकडे गेला, तर ती डोक्याकडे जड समजावी. 285 च्या अलीकडे आला, तर मुठीकडे. पहिली मागून स्मॅश मारणाऱ्यास साजते, दुसरी जाळ्यापाशीं चपळाईनें खेळणाऱ्यास. (ज्या पुण्याच्या नांवानें हा खेळ एके काळीं ओळखला जाई, तेथील पालकांनीं तरी हें जाणावें!) नवशिक्या विद्यार्थ्यास मात्र आम्ही 80 ते 84 ग्रॅमांची, मध्यम तोलाचीच रॅकेट सुचवूं. डोक्याकडे जड रॅकेट त्याच्या मनगटास वेळेवर फिरवितां येत नाहीं. मग तो सारा भार खांद्यावर घेतो, व खांदा दुखावतो. केवळ रंगावर भुलून महाग रॅकेट मागणाऱ्या मुलास ती दुकानांतच दहा वेळां फिरवावयास सांगावें, आणि वांचलेल्या पैशांत चांगलें गटिंग करून घ्यावें.