सहा हंड्यांची गाडी

उन्हाळी सुट्टी जवळ आली की कॅम्पवाल्यांच्या जाहिराती सुरू होतात. तंबू, शेकोटी, बार्बेक्यू आणि ‘रेन डान्स’ हे त्यातले ठरलेले शब्द. आता त्यांच्या जोडीला कॅराव्हॅनही आली आहे. पलंग, ओटा, संडास सगळं गाडीतच; डोंगरात गाडी लावायची आणि राहायचं. जव्हार-मोखाड्याकडे अशा गाड्या वळल्या तर आनंदच आहे. संताप येतो तो रेन डान्सचा. ऐन मे महिन्यात, टँकरची वाट बघणाऱ्या पाड्यांच्या शेजारी, करमणुकीसाठी पाणी उडवायचं?

राज्य सरकारने कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण २०२१ मध्ये आणलं. गाड्या उभ्या करायला जागा, पाणी, वीज, स्वच्छतागृह अशा सोयींचे कॅराव्हॅन पार्क त्यात धरले आहेत. राज्याच्या उत्तर सीमेजवळचं जव्हार मुंबईहून सुमारे दीडशे किलोमीटरवर. नाशिककर त्र्यंबकेश्वर-मोखाडामार्गे याहून लवकर पोहोचतो.

मुक्कामाला हा मुलूख जुनाच. सुरतेच्या १६६४ च्या स्वारीवर जाताना शिवाजी महाराज जव्हारजवळच्या शिरपामाळावर थांबले आणि जव्हारचे राजे विक्रमशहा त्यांना तिथे भेटले, असं जव्हारकर सांगतात. जव्हारच्या मुकणे राजांचा जयविलास राजवाडा, पावसाळ्यातला दाभोसा, उन्हाळ्यातही वाहणारा काळमांडवीचा धबधबा, सूर्यमाळची थंड हवा, देवबांधचा गणपती... चार दिवस कसे गेले ते कळणार नाही.

पण गाडीची टाकी भरायची कुठून?

टँकरचा विषय पुन्हा आला म्हणून कुणी कंटाळू नये, कारण टँकर दर उन्हाळ्यात पुन्हा येतोच. इथे अडीच हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो. जमीन उताराची, मातीचा थर पातळ, खाली काळा कातळ. पाणी मुरायच्या आत ओहोळांतून खाली निघून जातं. दिवाळीनंतर भात घरात आलं की कितीतरी कुटुंबं भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर जातात. मागे राहिलेल्या बाया ओढ्याच्या कोरड्या पात्रात डवरा खणतात. तळाशी पाणी झिरपतं, ते वाटीने उपसायचं, हंड्याच्या तोंडावर लुगड्याचा पदर धरून गाळायचं. गढूळ झालं की निवळेपर्यंत थांबायचं. एक हंडा भरायला कधी तास जातो, आणि मागे रांग असते.

याच मोखाडा तालुक्यात, कोचाळ्याजवळ, मुंबई महापालिकेचं मध्य वैतरणा धरण आहे. उंची शंभर मीटरहून जास्त. मुंबईला रोज ४५ कोटी ५० लाख लिटर पाणी देण्यासाठी ते बांधलं. धरण खाली दरीत, पाडे वर माळावर. पाणी वर चढवायला पंप, वीज आणि पैसा लागतो. मुंबईसाठी पैसा उभा राहिला. पाड्यांसाठीही राहायलाच हवा.

आता गाडीचा हिशेब. लहानशा कॅराव्हॅनची टाकी साधारण शंभर लिटरची. पंधरा लिटरचा हंडा धरला तर सहा हंडे भरून वर थोडं उरतं. दोन माणसांच्या आंघोळी, भांडी आणि संडास यात ती एका दिवसात रिकामी होते. दहा गाड्या लागल्या की पासष्टच्या वर हंडे. ते गावच्या विहिरीतून उपसले, तर रांगेतल्या बायांनी काय करायचं?

याचं उत्तर द्यायचा अधिकार गावाकडे आहे. जव्हार आणि मोखाडा हे दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात येतात, तिथे १९९६ चा पेसा कायदा लागू आहे, आणि गावपातळीवरच्या लहान जलसाठ्यांचं नियोजन त्याने पंचायतींकडे सोपवलं आहे. तेव्हा पार्कचा प्रस्ताव आधी ग्रामसभेत यावा. पावसाचं पाणी साठवायची टाकी पार्कवाल्याने स्वतःच्या खर्चाने बांधावी, आणि तिचा वाटा पाड्याला मिळेल हे लेखी द्यावं. संडासाची टाकी कुठे रिकामी करणार, ती जागा नकाशावर दाखवावी. जेवणात गावची नागली, वरई आणि भाजी घ्यावी, रोजगार गावातल्या पोरांना द्यावा. वीटभट्टीवर जाणारी दोन घरं जरी थांबली तरी मोठं काम होईल. आणि रेन डान्सला पहिल्याच सभेत नकार मिळावा.