दहावी झाली, टीम गेली

मध्यंतरी पणदऱ्याला माहेरी गेले होते. संध्याकाळी पाच वाजता भाची घरातच. विचारलं, "काय गं, ग्राउंडवर नाही गेलीस?" तर म्हणाली, "आत्या, दहावी झाली ना आता!" जणू मार्कशीट घेताना पाय शाळेत जमा करून यायचे असतात. वहिनी आतून म्हणाली, "टीमच राहिली नाही. एकटी कुणाबरोबर खेळंल?"

वहिनीचं खोटं नव्हतं. मैत्रिणींनो, मुलींची टीम मोडते ती बहुतेक वेळा हरल्यामुळे नाही, ती दुसऱ्या कुणाच्या तरी हातात असते म्हणून.

इटलीतल्या मिलान शहरात १९३३ साली काही तरुणींनी फुटबॉलचा क्लब काढला. मुसोलिनीचा काळ. परवानगी मिळाली, पण अटी ऐका. स्कर्ट घालून खेळायचं, बॉल शक्यतो जमिनीलगत ठेवायचा आणि गोलकीपर मात्र मुलगा! का, तर पोटाला बॉल लागला तर मातृत्वाचं काय? पोरींनी तेही मान्य केलं. तरी त्याच वर्षी वरून हुकूम आला, फुटबॉल बंद, दुसरा एखादा खेळ बघा. पोरी हरल्या नव्हत्या, त्यांना उठवलं होतं.

बरं, हे जुनं झालं म्हणावं, तर तिथल्याच ब्रेशा क्लबच्या मुलींनी २०१४ आणि २०१६ ला देशाची लीग जिंकली होती. २०१८ मध्ये लीगमधली त्यांची जागा मिलानच्या बड्या क्लबकडे गेली. इटलीत बाई फुटबॉलपटूला व्यावसायिक खेळाडू म्हणून मान्यता मिळाली ती २०२२ ला!

आपल्याकडे २०१७ साली मुलींची पहिली राष्ट्रीय लीग झाली. अंतिम फेरीत सहा संघ. त्यात एफसी पुणे सिटी होता, म्हणजे आपल्या जिल्ह्याचा, पैसेवाल्या क्लबचा. २०१९ मध्ये तो क्लबच गुंडाळला गेला, मुलींची टीमही गेली.

त्याच सहांत अलखपुरा होता. हे हरयाणातलं भिवानी जिल्ह्यातलं एक खेडं. शाळेतल्या सरांनी पोरींच्या हातात बॉल दिला आणि गावाच्या नावाची टीम उभी राहिली. तिथल्या सरकारी शाळेच्या मुलींनी सुब्रतो चषकही जिंकला. तिथल्या पोरी काय रिकाम्या असतात का? घरची कामं त्यांनाही आहेतच की.

आपल्याकडे कबड्डी, खो-खोच्या पोरी काय कमी आहेत? पण टीम शाळेची. शाळा सुटली की संपलं. गावची टीम फक्त पोरांची, आणि संध्याकाळचं ग्राउंडही पोरांचंच.

मी वहिनीला म्हटलं, ग्रामसभेआधी बायकांची सभा असते ना? पाणी, गटार, दारूबंदी सगळं तिथं बोलता. तिथंच मागा, आठवड्यातून तीन दिवस, संध्याकाळी सहा ते सात, ग्राउंड दहावी झालेल्या पोरींना. ठरावात लिहून घ्या, म्हणजे कुणाला सहज उठवता येणार नाही.

वहिनी जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "सहाला धारा असत्यात. साडेसहाला घ्या." आणि थांबून, "मग लाईट पण मागावी लागंल."