आपल्या वाटणीच्या वह्या

कंपन्यांना दिवाळीची सुट्टी लागली की वल्लभनगरच्या एसटी स्टँडवर पाय ठेवायला जागा उरत नाही. भोसरीच्या वर्कशॉपांत आणि चाकणच्या प्लांटमध्ये वर्षभर राबलेली माणसं पाठीवर सॅक, हातात मिठाईचा पुडा घेऊन लातूर, नांदेड, बीडची गाडी शोधत असतात. गाडी फलाटाला लागायच्या आत खिडकीतून रुमाल, टोप्या, कधी एखादं लेकरूसुद्धा आत जातं. मग रुमाल कुणाचा यावरून जे पेटतं, त्यात एकमेकांच्या गावाचाही उद्धार होतो. नगर येईपर्यंत तेच दोघे सरकून तिसऱ्याला टेकायला जागा देतात आणि एकाची शेंगदाण्याची चटणी दुसऱ्याच्या भाकरीवर गेलेली असते. राज्यातली पहिली एसटी १ जून १९४८ला पुण्याहून नगरलाच धावली. तेव्हापासून या रस्त्यावर किती भांडणं मिटली, याची नोंद मात्र कुठल्याच आगारात नसावी.

यंदाच्या अंकाचा विषय आम्ही ‘वाटेत भेटलेली माणसं’ असा ठेवला. भाडं न घेणारा ट्रकवाला, अपरात्री दार उघडणारी म्हातारी, पाय तुडवूनही हसणारा सहप्रवासी... लेखांतून अशी माणसं भरभरून आली. आम्हाला ती आवडली. तरीही एक शंका पिच्छा सोडेना. वाटेवरच्या माणसाला क्षमा करणं तसं सोपंच की! तो पुन्हा भेटणार नसतो, त्याच्याशी मागचा हिशेब नसतो.

तुकोबांची पालखी देहूच्या इनामदारवाड्यातला मुक्काम आटोपून दुसऱ्या दिवशी आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरात येते, तेव्हा हे शहर ओळखू येत नाही. कुणी वारकऱ्यांचे पाय चेपतं, कुणी चपला शिवून देतं, कुणी केळी वाटतं. गर्दीत धक्का लागला तर दोघंही वाकून नमस्कार करतात. पालखी पुढे गेल्यावर चार दिवसांत चाकणच्या तळेगाव चौकात गाडीला गाडी घासते आणि कॉलर धरली जाते. याला ढोंग म्हणणारे आहेत. आम्ही म्हणणार नाही. पाहुण्याला देणं हाही सराव आहे, फक्त पल्ला छोटा आहे.

लांबचा पल्ला याच परिसरात एकाने गाठला. आज चाकण एमआयडीसीचे कारखाने ज्याच्या पायथ्याला भिडलेत, त्या भामचंद्र डोंगरावर तुकोबा जाऊन बसले होते. १६३०च्या सुमाराच्या दुष्काळात त्यांची पहिली पत्नी आणि मुलगा गेले होते. घर सावकारीचं, देणेकरी सगळे गावचे, रोज समोर येणारे. परंपरा सांगते, की धाकटे बंधू कान्होबा शोधत आले आणि दोघं परतले, तेव्हा तुकोबांनी कर्जखतांची वाटणी केली. अर्धी कान्होबांना दिली, आपल्या वाट्याची इंद्रायणीत सोडली.

या गोष्टीतलं बुडवणं सगळे सांगतात, वाटणी फारसं कुणी सांगत नाही. आम्हाला तीच मोठी वाटते. भावाच्या वाट्याचं औदार्य परस्पर करायचा मोह त्यांनी टाळला. कान्होबांना संसार होता, त्यांनी वसुली केली असेल तर त्यात वावगं काही नाही. घरातल्या दुसऱ्याच्या खिशातून दानशूर होणारे आपण पुष्कळ पाहतो, हल्ली तर त्यांचे फ्लेक्सही लागतात. पुढे मंबाजींनी काटेरी फोकांनी मारलं, तरी कीर्तनाला ते आले नाहीत म्हणून तुकोबा स्वतः बोलवायला गेले, असं सांगतात. मंबाजीही शेजारचेच. त्यांच्यासाठी कुठली एसटी सुटणार नव्हती.

आता लक्ष्मीपूजनाला दुकानादुकानांतून वह्या पाटावर मांडल्या जातील, नव्या वहीवर श्री उमटेल, आणि हल्ली वहीशेजारी लॅपटॉपलाही हळदकुंकू लागेल. ज्या भागात कर्जखतं नदीत गेली तिथेच हे होणार, आणि त्यात आम्हाला विसंगती दिसत नाही. हिशेब नीट ठेवलेलाच नसेल, तर सोडणार तरी काय?

अंकाच्या कचेरीतही अशी एक वही आहे. वर्गणी थकलेल्या वाचकांची नावं तिच्यातून यंदा काढून टाकली आणि त्यांनाही अंक पोस्टाने रवाना केला आहे. जाहिरातदारांची बाकी मात्र कान्होबांच्या वाटणीत गेली आहे. ती दिवाळी सरताच मागायला येऊ.