सॉल्व्हन्सीवर स्लॅब उभा राहत नाही

खासगी घरे बांधणाऱ्या ठेकेदाराला परवाना सक्तीचा करा म्हटले की पहिला सवाल ठरलेला असतो: आधीच इतके दाखले आहेत, त्यात आणखी एक कशाला? दाखले खरेच पुष्कळ आहेत. फक्त ते भलत्यांकडे आहेत. आराखडा काढणाऱ्या वास्तुविशारदाला १९७२च्या कायद्याखाली नोंदणी लागते. स्ट्रक्चरल इंजिनीअर आणि सुपरवायझर यांची पात्रता विकास नियंत्रण नियमावलीने ठरवून दिली आहे. भिंतीतून वायर ओढायची तरी लायसनधारक विद्युत ठेकेदार हवा. पण ज्याच्या हातून पाया, कॉलम आणि स्लॅब उभे राहतात, त्याला बांधकाम येते की नाही हे कोणीच तपासत नाही. दहा किंवा अधिक कामगार असले की कामगार कायद्याखाली नोंदणी लागते, ती कामगारांच्या हितासाठी. जीएसटी क्रमांक असतो तो करासाठी. महारेराकडे नोंद होते ती विकासकाची आणि एजंटाची. त्यामुळे बांधकामातल्या दोषांबद्दलची पाच वर्षांची हमी फ्लॅट घेणाऱ्याला मिळते, स्वतःच्या प्लॉटवर घर बांधणाऱ्याला नाही. राहिली सार्वजनिक बांधकाम विभागाची वर्गवारी. तिथे सॉल्व्हन्सी, उलाढाल, यंत्रसामग्री पाहतात. अनुभवही विचारतात, पण किती रकमेची कामे केली या हिशेबात. सरकारी पैसा बुडू नये म्हणून हे ठीकच आहे.

‘जबाबदारीची सही इंजिनीअरची असते, मग ठेकेदाराची परीक्षा कशाला?’ हा आक्षेप अधिक वजनदार. त्याचे उत्तर स्लॅब भरण्याच्या दिवशी मिक्सरपाशी मिळते. पाणी-सिमेंट प्रमाण ०.५० धरले, तर ५० किलोच्या गोणीला वाळूतल्या ओलाव्यासकट २५ लिटर पाणी पुरते. माल घट्ट झाला, फावड्याला जड जाऊ लागला, की बिगारी आणखी एक बादली ओततो. बादली दहा लिटरची असली तरी प्रमाण ०.७०वर जाते, आणि काँक्रीटचे भारतीय मानक आयएस ४५६ सौम्य हवामानातल्या आरसीसीलाही ०.५५च्या पुढे जाऊ देत नाही. सळईखाली कव्हर ब्लॉकऐवजी हाताला लागलेला खडीचा तुकडा सरकवला जातो. कॉलमच्या रिंगेचा आकडा १३५ अंशांत वळवायला हवा, तो ९० अंशांत वळवून वेळ वाचवला जातो आणि भूकंपात नेमकी तीच रिंग उघडते. कोयना आणि किल्लारी पाहिलेल्या राज्यात ही बारीकसारीक बाब म्हणता येणार नाही. ड्रॉइंगवर सगळे बरोबर असते. इंजिनीअर प्रत्येक घाण्यापाशी उभा राहू शकत नाही. तिथे ठेकेदार असतो किंवा त्याचा माणूस असतो, आणि बादली अडवायची की नाही हे तोच ठरवतो.

यावर सहानुभूतीच्या सुरात सांगितले जाते की परीक्षा आली की शाळा न शिकलेला कसबी मिस्त्री बाहेर फेकला जाईल. परीक्षा म्हणजे पदवी असे मानले तरच ही भीती खरी. अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात ठेकेदारांचे परवाना मंडळ १९२९पासून आहे. ते पदवी मागत नाही. गेल्या दहा वर्षांतला चार वर्षांचा प्रत्यक्ष कामाचा अनुभव मागते आणि मग कायदा-व्यवहार व त्या-त्या कामाचे ज्ञान अशा दोन परीक्षा घेते. आपल्याकडेही पूर्वानुभवाला प्रमाणपत्र देण्याची सोय कौशल्य योजनांत झाली आहे. तोंडी प्रश्न मराठीत विचारावेत आणि रिंग वळवून दाखवायला सांगावे. यात कसबी मिस्त्री मागे पडायचे कारण नाही. पडेल तो चार मिस्त्री गोळा करून नुसता दर फोडणारा.

आता उरला इन्स्पेक्टर राजचा धाक, आणि तो अनाठायी नाही. चिरीमिरीची आणखी एक खिडकी उघडायची असेल तर परवाना नकोच. पण कॅलिफोर्नियातली खरी जरब इन्स्पेक्टरची नाही. तिथे विनापरवाना ठेकेदाराला मजुरीसाठी कोर्टात दावा लावता येत नाही, उलट मालक दिलेले पैसे परत मागू शकतो. असे कलम असले की राखण पैसे देणारा स्वतःच करतो. मुंब्र्याजवळच्या शिळफाट्यावर ४ एप्रिल २०१३ला इमारत कोसळून ७४ माणसे गेली. ती मुळातच बेकायदा होती, तिथे ठेकेदाराचा परवाना उपयोगी पडला नसता, हे मान्य. पण रीतसर परवानगी काढून, कर्ज काढून दोन मजले बांधणारी माणसे गावोगावी आहेत. सुरुवात त्यांच्यापासून, आरसीसी स्लॅबच्या कामापुरती करावी. गिलावा, फरशी, किरकोळ दुरुस्ती यांना हात लावू नये.