आजार कारखान्याचा, मरण मात्र घरचे

आमचा एक साथी २०२५ च्या ऑगस्टमध्ये गेला. पंचगंगेच्या स्मशानभूमीत त्याला निरोप दिला, तेव्हा पाऊस कोसळत होता आणि नदी पात्राबाहेर येऊ पाहत होती. कोल्हापूर महापालिका अंत्यसंस्काराचा एक पैसाही घेत नाही. शहरातील मंडळे आणि तालमी शेणी दान करतात. गरीब असो वा सधन, चितेसाठी कोणाला पदर पसरावा लागत नाही. या गोष्टीचा आम्हांला अभिमान आहे आणि असावाही. परंतु त्या दिवशी हा अभिमान मनाला टोचत राहिला. मेलेल्या कामगाराची व्यवस्था मोफत करणाऱ्या समाजाला तोच कामगार जिवंत असताना त्याच्या श्वासाची व्यवस्था करता आली नव्हती.

तो मोल्डर होता. शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीतील एका फौंड्रीत त्याने बावीस वर्षांहून अधिक काळ वाळूचे साचे भरले. वाळू मुठीत दाबायची, ढेकूळ मोडून पाहायचे आणि ओलावा बरोबर आहे की नाही ते सांगायचे, ही त्याची विद्या. जेवणाच्या सुट्टीत हेच साप्ताहिक तो चारचौघांना मोठ्याने वाचून दाखवी. न पटलेल्या लेखावर संपादकांना शिव्याही घाली. आम्ही बरोबर द्वारसभा घेतल्या, बरोबर वर्गणी गोळा केली. त्याचे नाव येथे देत नाही, कारण त्याचे घर अजून कर्जात आहे आणि त्याचा मुलगा त्याच वसाहतीत कामाला आहे.

त्याला झालेल्या रोगाचे नाव सिलिकोसिस. फौंड्रीत साचा फोडताना, कास्टिंग घासताना, वापरलेली वाळू चाळताना जी बारीक धूळ उडते तिच्यात सिलिकाचे कण असतात. डोळ्यांना न दिसणारे हे कण फुप्फुसात खोल जाऊन बसतात, तेथे व्रण पडतात, आणि फुप्फुस हळूहळू दगडासारखे होत जाते. या रोगावर उतारा नाही; आहे तो केवळ प्रतिबंध. धूळ पाण्याने दाबणे, ती खेचून घेणारी यंत्रणा बसविणे, योग्य मुखपट्टी देणे, वेळोवेळी छातीची तपासणी करणे, हे सर्व जगाला ठाऊक आहे. ठाऊक नसल्याने कोणी मेला नाही. खर्च नको म्हणून माणसे मेली.

आता त्याच्या विम्याची कहाणी ऐकावी. ती एकट्या त्याची नाही, म्हणूनच लिहीत आहे.

कामगार राज्य विमा योजनेत तो बावीस वर्षे वर्गणी भरत होता. १९४८ चा तो कायदा स्वतंत्र भारताने कामगारांस दिलेल्या पहिल्या वचनांपैकी एक. परंतु त्यास वेतनाची मर्यादा आहे. १ जानेवारी २०१७ रोजी ती महिना २१,००० रुपये झाली. २०२२ च्या एप्रिलपासून आमच्या संघटनेचा नवा करार लागू झाला आणि त्याचे वेतन २२,४०० वर गेले. आम्ही गुलाल उधळला. त्या १,४०० रुपयांनी त्याला विम्याबाहेर काढले, हे आमच्यापैकी एकाच्याही ध्यानात आले नाही. डिसेंबर संपला आणि कार्ड निकामी झाले. खोकला मात्र २०२१ पासूनच होता. अर्ध्या दिवसाची मजुरी बुडेल म्हणून तो विमा दवाखान्यात न जाता गल्लीतल्या डॉक्टरकडून बाटली आणत राहिला होता.

मग एका एजंटाच्या सांगण्यावरून त्याने खाजगी कंपनीचा आरोग्य विमा घेतला. २०२३ मध्ये पहिल्यांदा रुग्णालयात दाखल व्हावे लागले, तेव्हा कंपनीचे पत्र आले: आजार पूर्वीपासूनचा आहे, सबब दावा नामंजूर. यातील उपरोध पाहा. आजार जुना आहे, तो कामाच्या वर्षांतला आहे, ही गोष्ट मालकाने कधी मान्य केली नाही, डॉक्टरांना कळली नाही. ती सर्वांत प्रथम मान्य केली विमा कंपनीने, आणि तीही पैसे नाकारण्यासाठी!

राज्य शासनाची महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना तेव्हा पिवळ्या आणि केशरी शिधापत्रिकेपुरती होती. त्याची पत्रिका पांढरी. वर्षाला एक लाखाहून अधिक मिळकत असलेले कुटुंब शासनाच्या हिशेबी सुखवस्तू ठरते. म्हणजे एका दारात तो पगारदार म्हणून नाकारला गेला आणि दुसऱ्या दारात श्रीमंत म्हणून. घरी तर पत्नीची डोरलीही सोनाराकडे गेली होती.

१ जुलै २०२४ पासून ही योजना राज्यातील सर्व कुटुंबांना खुली झाली आणि संरक्षणाची रक्कम दीड लाखावरून पाच लाखांवर गेली. हे पाऊल चांगले आहे. ते चांगले नाही असे म्हणण्याचा कोतेपणा आम्ही करणार नाही. त्यानंतर दोनदा तो भरती झाला आणि दोन्ही वेळचे बिल योजनेतून भागले. परंतु ही योजना खाटेवरच्या रोग्यास ओळखते, घरी परतलेल्या रोग्यास नव्हे. त्याला हवा होता घरी रात्रंदिवस चालणारा प्राणवायू. यंत्राचे भाडे, त्याचे वाढलेले वीजबिल, श्वासाची औषधे, तपासण्या, आणि बुडालेला पगार हे कोणत्याच यादीत नव्हते. यादी कितीही लांबविली तरी ती यादीच. ज्याचा आजार वर्षानुवर्षे सरपटत चालतो त्याचे नाव तिच्यात मावत नाही. अखेरच्या उन्हाळ्यात वीज गेली की घरातली माणसे पुठ्ठ्याने वारा घालीत बसत. प्राणवायूच्या जागी पुठ्ठा! यंत्रयुगातील कोल्हापूरचे हे चित्र आहे.

कोणी म्हणेल, दुर्दैव. तीन योजनांच्या मधल्या फटीत एक माणूस सापडला. आम्हांस हे मान्य नाही. भिंतीला तडा आपोआप पडतो. दरवाजा मात्र कोणी तरी मोजून बसवितो. वेतनाची मर्यादा कोणी तरी ठरविली आणि महागाई वाढत असतानाही तशीच ठेवली. त्याच काळात, १ जुलै २०१९ पासून, मालकांची वर्गणी वेतनाच्या ४.७५ टक्क्यांवरून ३.२५ टक्क्यांवर उतरविण्यात आली. कामगारांचीही १.७५ वरून ०.७५ झाली, हे खरे. पण निधी मुबलक होता म्हणून वर्गणी कमी करता आली असेल, तर त्याच निधीतून मर्यादा वाढवून आणखी कामगारांना आत का घेतले नाही? मालकाला सवलत देण्यास पैसा होता; कामगाराला आत ठेवण्यास नव्हता. याला फट म्हणत नाहीत, धोरण म्हणतात.

दहा कामगारांच्या अटीचेही तेच. दहाहून कमी कामगार असलेल्या आस्थापनेस विमा योजना सक्तीने लागू होत नाही, धोकादायक म्हणून जाहीर झालेल्या व्यवसायांचा अपवाद नव्या संहितेने केला आहे तेवढाच. म्हणून एकाच छपराखाली दोन-तीन नावांच्या पाट्या लागतात; इचलकरंजीच्या यंत्रमागांची पेठ ज्याने पाहिली आहे त्याला हे सांगावयास नको. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षेची नवी संहिता अमलात आली, तरी दहाचा सर्वसाधारण आकडा तसाच राहिला.

आणि सर्वांत मोठा दरवाजा निदानाचा. सिलिकोसिस हा १९४८ च्या कारखाने कायद्यात नोंदविण्यास बंधनकारक रोग होता आणि त्याची जागा घेणाऱ्या संहितेतही आहे. विमाधारक कामगारास कामातून असा रोग जडला तर ती कामावरची इजा मानली जाते. अपंगत्वाचे वेतन मिळते, मृत्यूनंतर आश्रितांस निवृत्तिवेतन मिळते. पण त्यासाठी रोगाचे खरे नाव कागदावर यावे लागते. आमच्या साथीवर सहा महिने क्षयाचे उपचार झाले. सिलिकाने जर्जर झालेल्या छातीत क्षय लवकर शिरतो हे खरे. तथापि एक्स-रेवरील प्रत्येक डाग क्षयाचा नसतो. "तुम्ही काम काय करता?" हा साधा प्रश्न त्याला डॉक्टराने प्रथम विचारला तो २०२४ साली. तोवर विमा जाऊन दीड वर्ष झाले होते. कारखान्याने दिलेला आजार अशा रीतीने घरचा आजार झाला, आणि मरणही घरचे ठरले. मालकाच्या वहीत त्याची नोंद एवढीच: दीर्घकाळ गैरहजर, सबब नाव कमी.

हे टाळता येत नव्हते काय? १९९५ साली ॲस्बेस्टॉस कामगारांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कामगाराचे आरोग्य हा जगण्याच्या मूलभूत हक्काचाच भाग ठरविला. प्रत्येक कामगाराच्या आरोग्याची नोंद चाळीस वर्षे जपण्याचा आणि राज्य विमा योजनेबाहेरील कामगारांसही विम्याचे संरक्षण देण्याचा आदेश त्या उद्योगास दिला. राजस्थानात खाणकामगारांच्या संघटनांनी वर्षानुवर्षे झगडून २०१९ साली सिलिकोसिसचे स्वतंत्र धोरण मिळविले. प्रमाणपत्र मिळालेल्या कामगारास तीन लाख आणि त्याच्या मृत्यूनंतर वारसांस दोन लाख रुपये देण्याची तरतूद तेथे झाली. पैशाने फुप्फुस परत येत नाही. परंतु आजाराला त्याच्या खऱ्या नावाने हाक मारणारे एक राज्य या देशात आहे. शेकडो फौंड्र्यांच्या कोल्हापुरास आणि पुरोगामी म्हणविणाऱ्या महाराष्ट्रास ते का जमू नये?

शासनकर्ते विचारतील, पैसा कोठून आणावा? त्यांनीच केलेल्या २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात २०२५ पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्के शासकीय खर्च आरोग्यावर करण्याचे लक्ष्य होते. २०२१-२२ चा अधिकृत हिशेब सांगतो की, महामारीच्या त्या काळातही हा खर्च १.८४ टक्केच होता, आणि देशातील एकूण आरोग्यखर्चापैकी ३९.४ टक्के लोकांनी स्वतःच्या खिशातून केला होता. त्या खिशात काय होते ते आम्ही पाहिले आहे: सोनाराची पावती, पतसंस्थेचे कर्ज आणि मेहुण्याकडून घेतलेले हातउसने.

या नगरीस तर याचे उत्तर शंभर वर्षांपूर्वीच मिळाले आहे. १९१७ साली शाहू महाराजांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. त्यांनी रयतेला शिक्षणाच्या विम्याची कार्डे वाटली नाहीत. कोणत्या यत्तेचा खर्च यादीत बसतो आणि कोणाचा बसत नाही, असे विचारले नाही. शाळा काढल्या, मास्तर नेमले. हक्क देण्याची रीत ही अशी असते. रोग्याला कार्ड देऊन बाजारात धाडणे आणि त्याच्या गावात दवाखाना, डॉक्टर व औषध ठेवणे यांत जे अंतर आहे, तेच दया आणि हक्क यांतील अंतर होय. सीपीआरसारखी सरकारी रुग्णालये आजही सर्व बाजूंनी नाकारलेल्यांचा भार वाहतात. त्यांना बळ देण्याऐवजी विम्याच्या जाहिराती रंगविणे ही लोकांची फसवणूक आहे.

परंतु दुसऱ्यांवर बोट रोखून हा लेख संपविला तर तो खोटा ठरेल. करार आम्ही केला. मागणीपत्रक आम्ही लिहिले; त्यात वेतनवाढ होती, बोनस होता, रजा होती, अखेरीस कोठे तरी मुखपट्टीचा उल्लेख होता, आणि वाटाघाटीत तोच आम्ही सर्वांत आधी सोडला. धुळीचा प्रश्न आम्हांला तातडीचा वाटला नाही, कारण धूळ संप करीत नाही, हळूहळू मारते. शेवटच्या भेटीत करारातली आमची चूक मी त्याच्यापाशी कबूल केली. तो हसला. बोलायला त्याला दोन वेळा थांबावे लागले. म्हणाला, "पेढं मीच वाटल्यालं की, मर्दा." त्याने मला क्षमा केली असावी. आपण स्वतःला करू नये.

म्हणून साथींनो, शोकसभा पुरे झाल्या. शासनाकडे आपल्या मागण्या स्पष्ट असाव्यात. विम्यासाठीची वेतनमर्यादा रद्द व्हावी. निदान एकदा वर्गणी भरलेला कामगार पगार वाढला म्हणून बाहेर फेकला जाऊ नये. मर्यादा ओलांडल्याने बाहेर पडलेल्या निवृत्त कामगारांना वैद्यकीय लाभ देण्याचे महामंडळाने फेब्रुवारी २०२४ मध्ये स्वतःच ठरविले, म्हणजे अन्याय त्यांनाही दिसला आहे. मग निवृत्तीपूर्वी मरणाऱ्यांनी काय गुन्हा केला? दहाची अट जावी. घरचा प्राणवायू आणि दीर्घ आजारांची औषधे सरकारी दवाखान्यातून मोफत मिळावीत. फौंड्री कामगारांच्या छातीची तपासणी शासनाने करावी आणि तिचा कागद कामगाराच्या हाती द्यावा.

आणि आपणाकडे मागणी एकच. येत्या प्रत्येक करारात धूळ हा पहिला विषय असावा, वेतन दुसरा. सही करण्यापूर्वी या वाढीने कोणाचे विमा कार्ड जाणार आहे याचा हिशेब मांडावा, आणि ते संरक्षण मालकाकडून वसूल करावे. प्रत्येक शाखेने आपल्या भागातील फौंड्र्यांत खोकणाऱ्या माणसांची यादी करावी. डॉक्टरांनी विचारला नाही तो प्रश्न आपण विचारावा. त्याचा मुलगा रोज सकाळी डबा घेऊन त्याच वसाहतीत जातो, तीच वाळू मुठीत दाबून पाहतो. या यादीत पहिली तपासणी त्याची व्हावी.