जात्याची ओवी आणि यंत्राची ओळ

यंत्र कविता करते, या वार्तेने हल्ली आमच्या प्राध्यापकांच्या खोलीतला चहा निवतो. वास्तविक ही वार्ता शिळी आहे. १९५२ सालीच क्रिस्टोफर स्ट्रॅची या गृहस्थांनी मँचेस्टरच्या संगणकाकडून प्रेमपत्रे लिहवून घेतली होती. विशेषणांच्या नि नामांच्या याद्या त्याला द्यायच्या, त्याने सोडत काढल्यासारखे शब्द उचलायचे, की झाले पत्र! (पुष्कळांची खरी प्रेमपत्रेही याच पद्धतीने जुळतात, ही गोष्ट अलाहिदा.)

पण मला सांगायचे आहे ते ॲलिसन पॅरिश या अमेरिकन कवयित्रीविषयी. बाई न्यूयॉर्कमध्ये शिकवतात, आणि संगणकाला द्यावयाच्या आज्ञा स्वतःच लिहितात. २०१८ साली त्यांचे 'आर्टिक्युलेशन्स' हे पुस्तक निघाले. स्वामित्वहक्क संपलेल्या इंग्रजी कवितांच्या वीस लाखांहून अधिक ओळी त्यांनी घेतल्या. प्रत्येक ओळीच्या नादाचे आकड्यांत रूपांतर केले. नादाने सारख्या ओळी त्यामुळे शेजारी शेजारी आल्या. मग शेजारणीकडे वाटी घेऊन जावे तसे यंत्र एका ओळीवरून जवळच्या ओळीकडे जाते. निरनिराळ्या काळांतले कवी एका पंगतीला बसतात. अर्थ जागोजागी तुटतो, जीभ मात्र अडखळत नाही. मनात वाचले तर चार पानांत कंटाळा येईल. मोठ्याने वाचावे, म्हणजे गंमत कळते.

उसन्या ओळींनी नाक मुरडण्याचे आपल्याला तरी कारण नाही. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी खेडोपाडी हिंडून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, गाणारणींची नावे-गावे टिपली. त्या ओव्यांतही तयार चरण एकीकडून दुसरीकडे जातात. सासुरवाशीण त्यात आपल्या भावाचे नाव घालते, की ओवी तिची होते. पॅरिशबाईंनी निदान आपले धान्य कुठल्या कणगीतले ते सांगितले आहे. मोठमोठ्या कंपन्यांनी हयात लेखकांचे लेखन न विचारता यंत्राला भरवले, अशी तक्रार घेऊन अमेरिकेतले लेखक २०२३ पासून कोर्टाची पायरी चढत आहेत.

पण मला खटकते ते निराळेच. जात्याला दोघींचा हात लागे. समोरची नुसती ओढू लागत नसे, ऐकतही असे, खोटे वाटले तर तोंडावर म्हणे, "अगं, असं कुठं असतं का?" आमची मुले आता कवितेचा पहिला खर्डा मित्राला न दाखवता यंत्राला दाखवतात. यंत्र भलतेच सौजन्यशील! सगळ्यालाच 'सुंदर' म्हणते आणि खडे वेचून ओळ गुळगुळीत करून देते. महाविद्यालयातल्या काव्यमंडळाच्या बैठकीला त्यामुळे फारसे कुणी फिरकत नाही.

मागल्या महिन्यात एक विद्यार्थिनी आली. आईने तिच्या फीसाठी नथ गहाण ठेवली, यावर तिची कविता होती. यंत्राने सुधारलेल्या प्रतीत नथ नव्हती. तिच्या जागी 'स्मृतींचे सुवर्णक्षण' होते. मी काही बोलण्याआधीच तिची मैत्रीण म्हणाली, "ए, काकूंची नथ कुठं गेली?"

पोरगी गोरीमोरी झाली. तिथेच बाकावर बसून तिने पेन काढले आणि नथ सोडवून आणली, कवितेपुरती तरी.