एकशे सत्तर रुपयांचे वरण

किराणा दुकानात उभे राहून दुसऱ्याची यादी ऐकू नये हे खरे. पण माझा नंबर येईपर्यंत गेल्या महिन्यात मला ती ऐकावीच लागली. दुकान वाशिमचे, यादी जवळच्या खेड्यातून आलेल्या एका शेतकरी बाईंची. बेरीज हातातल्या पैशांच्या वर गेली तेव्हा त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, डाय एक किलो कमी करा. तेल राहू द्या." दुकानदाराने मुकाट्याने तूरडाळीची पिशवी बाजूला सारली. पोरांसाठी घेतलेली पाच-पाच रुपयांच्या पुड्यांची माळ मात्र यादीत कायम राहिली.

मी मनातल्या मनात नाक मुरडले. घरी येऊन कागद-पेन्सिल घेतली तेव्हा आपले नाक जरा जास्तच लांब असल्याचे ध्यानात आले.

वाशिम हा राज्यातल्या चौदा शेतकरी आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांपैकी एक. या जिल्ह्यांतल्या केशरी शिधापत्रिकाधारक शेतकऱ्यांना २०१५ पासून माणशी महिन्याला पाच किलो धान्य मिळत असे. गहू दोन रुपये किलो, तांदूळ तीन रुपये. केंद्राने २०२२ मध्ये त्यासाठी धान्य देणे थांबवले आणि २०२३ मध्ये राज्य सरकारने धान्याऐवजी माणशी दरमहा १५० रुपये खात्यात टाकण्याचे ठरवले. २०२४ मध्ये ही रक्कम १७० झाली. पाच माणसांच्या घराला म्हणजे ८५० रुपये. पूर्वी याच घरात २५ किलो धान्य येत होते. ८५० ला २५ ने भागा: किलोला ३४ रुपये. एवढ्यात बाजारचा गहू कसाबसा येतो. ज्वारी येत नाही. कारण २०२५-२६ साठी संकरित ज्वारीचा सरकारी हमीभावच क्विंटलला ३६९९ रुपये आहे, गव्हाचा २४२५. एके काळी गरिबाची म्हणून नाके मुरडली जात ती भाकरी आज पोळीपेक्षा महाग आहे. २०२३ हे भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरे झाले, शहरात ज्वारीच्या कुकीज आल्या, आणि आमच्याकडच्या म्हातारीच्या ताटातली भाकरी पातळ झाली!

राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याखालील पिवळे कार्ड व प्राधान्य कुटुंबांना १ जानेवारी २०२३ पासून धान्य मोफत आहे, त्यांचा हिशेब वेगळा. पण पोट भरण्याची सोय आणि पोषणाची सोय या दोन गोष्टी तिथेही वेगळ्याच राहतात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये सुचवलेल्या ताटात दिवसाला माणशी ८५ ग्रॅम डाळी-कडधान्ये आहेत (मांसाहारी घरात अंडी-मांसही त्यातच आले). पाच माणसांना महिन्याला पावणेतेरा किलो होतात. सगळ्या डाळी सरासरी शंभर रुपये किलो धरल्या तरी पावणेतेराशे रुपये. २०२४ च्या उन्हाळ्यात तूरडाळ दीडशेच्या पुढे गेली होती, तो हिशेब तर सोडूनच द्या. त्या बाईंनी एक किलो डाळ कमी केली ती अज्ञानाने नव्हे. तेलाशिवाय फोडणी होत नाही. वरण मात्र पाणी घालून वाढवता येते.

तेच वाढवलेले वरण पुढे आकड्यांत दिसते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला आणि पाच वर्षांखालील ३५.२ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी आढळली. घरात सर्वांत शेवटी कोण जेवते, हे मी वेगळे सांगायला नको.

विरोधाभास असा की हे सारे घडते ते डाळीच्या आणि सोयाबीनच्या मुलखात. आमच्याकडे सोयाबीनच्या ओळींत तुरीची ओळ असतेच. पण तूर निघाली की देणेकरी दारात असतो. ती अख्खी विकली जाते, डाळमिलमध्ये जाते आणि डाळ होऊन किलो-किलोने आमच्याच पिशवीत परत येते. घरच्या जात्यावर तूर भरडणारी पिढी थकली. सोयाबीनचे तर आणखी नवल. त्यात सुमारे ४० टक्के प्रथिने, म्हणजे तुरीच्या जवळजवळ दुप्पट. २०२५-२६ चा हमीभाव सोयाबीनचा ५३२८ रुपये, तुरीचा ८०००. आणि सोयाबीन बाजारात अनेकदा हमीभावाखालीच विकावे लागते. म्हणजे या जिल्ह्यातले सर्वांत स्वस्त प्रथिन घरातल्या पोत्यांत भरलेले असते. तेल काढून उरलेली पेंड कोंबड्यांना जाते, परदेशी जाते. आमच्या ताटात त्यातले तेलच तेवढे येते.

सोयाबीनच्या जोडीने तणनाशकही आले. निंदणाला गेलेल्या बाया ओटीत चिवळ, तरोटा, अंबाडी घेऊन परतत. पैसा न लागणारी ती भाजी होती. आता फवारलेल्या शेतातली भाजी खुडू नये हेच शहाणपणाचे. मग पालकाच्या जुडीलाही पैसे मोजावे लागतात आणि यादीत बटाटा वर चढतो.

अशा वेळी गृहिणीला 'पौष्टिक खा' असे सांगणे सोपे आहे. काटकसरीला अजून थोडी जागा आहे, एवढेच मी म्हणेन. महाग तुरीच्या जोडीला निम्मी हरभरा वा मसूर डाळ, मटकीला मोड आणून एक दिवस, आठवड्यातून दोनदा आपली वऱ्हाडी डाळभाजी, वर लिंबू पिळून म्हणजे पालेभाजीतले लोह अंगी लागते. जवसाची चटणी भाकरीबरोबर रोज. पोषण संस्थेच्या हिशेबाने पाच माणसांना महिन्याला चार किलो तेल पुरते. त्यापेक्षा जास्त जात असेल तर तिथे एक किलो कापा आणि डाळीचा किलो परत मागून घ्या. पुड्यांच्या माळेच्या पैशांत आठवड्याची काही अंडी येतात.

पण सगळा भार पदराच्या गाठीवर टाकून सरकारला मोकळे होता येणार नाही. तमिळनाडूत २००७ पासून रेशन दुकानात सवलतीची तूरडाळ मिळते, दर किलोला ३० रुपये. आपल्याकडे २०२२ च्या दिवाळीत 'आनंदाचा शिधा' आला. शंभर रुपयांत रवा, साखर, पामतेल आणि एक किलो हरभरा डाळ. म्हणजे डाळ वाटता येत नाही असे नाही, ती सणालाच सुचते. शाळेतल्या मुलांना आठवड्याला एक अंडे देण्याचा निर्णय नोव्हेंबर २०२३ मध्ये झाला, आणि जानेवारी २०२५ मध्ये त्यासाठीचा निधी बंद करून हवे तर लोकवर्गणी काढा असे शाळांना सुचवण्यात आले. हमीभावाने घेतलेली तूर भरडून याच चौदा जिल्ह्यांत कार्डावर दिली, तर १७० रुपयांपेक्षा ती घराच्या अधिक कामी येईल असे माझे मत आहे. रोख रक्कम महागाईबरोबर झिजते. डाळीचा किलो किलोच राहतो.

तोवर घरच्या पोत्यातले सोयाबीन आहेच. ते कच्चे दळू नये. त्यातले पचनाला अडवणारे द्रव्य उष्णतेनेच जाते. निवडून, उकळत्या पाण्यात वीस-पंचवीस मिनिटे शिजवून, कडकडीत वाळवून मग नऊ किलो गव्हात एक किलो मिसळून दळावे. आमच्या घरी हे सुरू केले तेव्हा पहिली अडचण चवीची नव्हे, गिरणीची आली. "सोयाबीन? पाट्याले तेल लागते, काकू," म्हणत गिरणीवाल्याने डबा परत केला होता. एकास नऊ प्रमाण आहे, वाळवून आणले आहे, हे समजावल्यावर आता तो घेतो. पण सगळ्यांचे दळण झाल्यावर, सर्वांत शेवटी.